सव्विसाव्या दिवशीचं बोलणं

माझे वडील, आप्पा, आयसीयूत होते त्या एकोणीस दिवसांत, रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या लोखंडी खुर्चीत बसून मी मोबाइलवर एकच ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकलं. ते ८ सप्टेंबर १९५५ रोजी कुंथलगिरीवर केलेलं आहे. बोलणारे दिगंबर जैन मुनी आचार्य शांतिसागर महाराज. वय त्र्याऐंशी, सल्लेखनेचा, म्हणजे हळूहळू अन्नपाणी सोडून मरणाला सामोरं जाण्याच्या जैन व्रताचा, सव्विसावा दिवस. आवाज खोल गेलेला आहे, मध्येच थांबतो, पण बोलणं कळतं आणि ते मराठीत आहे. वीस-बावीस मिनिटं ते आत्म्याबद्दल बोलतात, संयमाला भिऊ नका म्हणून लोकांना सांगतात. त्याच वेळी वर तिसऱ्या मजल्यावर आप्पांचे दोन्ही हात पलंगाच्या कठड्याला गॉजच्या पट्टीने बांधलेले होते. नाकातली नळी ते ओढून काढत होते, म्हणून.

मला काय म्हणायचं आहे ते आधीच सांगते. सल्लेखना ही आत्महत्या की धर्म, यावर आपल्याकडे दर काही वर्षांनी वाद पेटतो आणि दोन्ही बाजू उपवासावरच अडकून पडतात. महाराजांच्या शेवटच्या छत्तीस दिवसांत माझ्या मते उपवासाहून मोठी गोष्ट घडली. एका माणसाने आपल्या शेवटाचा निर्णय शुद्धीवर असताना, कारण सांगून, चारचौघांत, स्वतःच्या तोंडाने सांगितला. आपल्या घरांत हे होत नाही. जैन घरांत होत नाही, इतरांच्याही होत नाही. कायद्याने त्याला वाट करून दिली आहे, तरी होत नाही. त्याची किंमत आपले म्हातारे आईवडील मोजतात.

ठाण्यात मला चोवीस वर्षं झाली. टेंभी नाक्यावरच्या मुनिसुव्रतस्वामींच्या देरासराला, म्हणजे जैन मंदिराला, लोक कोकण शत्रुंजय म्हणतात; श्रीपाळ राजाची कथा ठाण्याशी जोडलेली असल्यामुळे लांबलांबून माणसं तिथे दर्शनाला येतात. एवढं असूनही पाचपाखाडीत मला अधूनमधून कोणी ना कोणी विचारतंच, ‘तुम्ही जैन? मग मराठी कशा?’ त्यांना मी सांगते, आमच्या कोल्हापूर-सांगली-बेळगावकडे जैन म्हणजे शेतकरी. ऊस, भुईमूग, तंबाखू. घरात मराठी आणि कानडी दोन्ही. कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजच्या अशाच घरातले. शांतिसागर महाराजही त्याच मातीतले.

दूधगंगा आणि वेदगंगा जिथे मिळतात तिथलं भोज हे त्यांचं गाव. जन्म १८७२ चा, आजोळी येळगूळला. नाव सातगौडा, घर पाटलांचं. नवव्या वर्षी लग्न लावून दिलं आणि काही महिन्यांत ती मुलगी वारली. पुन्हा त्यांनी लग्न केलं नाही. शेतात पाखरं उतरली की हा तरुण पाटील त्यांच्याकडे पाठ करून बसायचा आणि त्यांच्यासाठी पाणीही भरून ठेवायचा, ही गोष्ट आमच्याकडच्या आज्या जेवताना नातवंडांना सांगतात. अंगात ताकद एवढी, की नदीला पाणी आलं तर मुनींना खांद्यावर घेऊन पलीकडे सोडायचे. आईवडील होते तोवर घर सोडलं नाही. मग क्षुल्लक दीक्षा, म्हणजे मुनी होण्याआधीची पायरी, १९२० साली यरनाळला मुनिदीक्षा, १९२४ साली सांगलीजवळच्या समडोळीला आचार्यपद. दिगंबर मुनींची परंपरा तेव्हा जवळजवळ विझलेली होती. हे पायी सम्मेद शिखरजीला गेले, पुढे उत्तर हिंदुस्थानात फिरले, दिल्लीत चातुर्मास केला. मूडबिद्रीला ताडपत्रांवर जपलेले धवला-ग्रंथ ताम्रपटांवर कोरून ठेवावेत हा आग्रहही त्यांचाच. पस्तीस वर्षांच्या मुनिजीवनात त्यांनी ९,९३८ उपवास केले असा आकडा समाजात सांगतात. भूक म्हणजे काय, हे त्या शरीराला नवं नव्हतं.

१९५५ साली त्यांची नजर जायला लागली. या लेखाचा सगळा मुद्दा या नजरेशी आहे. जैन मुनीने चालताना पुढची चार हात जमीन बघत चालायचं असतं, पायाखाली किडामुंगी येऊ नये म्हणून. याला ईर्यासमिती म्हणतात. ओंजळीत पडलेला घासही नीट बघूनच घ्यायचा. डोळे गेले की हे दोन्ही गेलं. भक्तांनी त्यांना हातांवर झेललं असतं, पालखीत मिरवलं असतं. पण ज्या कामासाठी हे शरीर सांभाळलं ते काम आता त्याच्याकडून होणार नाही, असं त्यांनी ठरवलं आणि तसं बोलून दाखवलं. १४ ऑगस्टला कुंथलगिरीवर सल्लेखना सुरू झाली. आचार्यपद त्यांनी वीरसागर मुनींना दिलं. वीरसागर तेव्हा दूर जयपूरला होते, म्हणून निरोप लिहून पाठवला. हजारो माणसं डोंगर चढून दर्शनाला आली. १८ सप्टेंबरला सकाळी ते गेले.

कारण, मुदत, जबाबदारीची सोपवणूक, शेवटचं बोलणं. शेतकऱ्याने बैल सोडायच्या आधी औत, दोर, जू जागच्या जागी ठेवावं तसं सगळं.

आता शास्त्र काय म्हणतं ते बघू, कारण ‘जैन लोक उपाशी राहून मरतात’ एवढंच ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते ऐकून नवल वाटेल. समंतभद्राचार्यांनी श्रावकांसाठी, म्हणजे गृहस्थ जैनांसाठी, जो ग्रंथ लिहिला, रत्नकरंड श्रावकाचार, त्यात सल्लेखना कधी घ्यावी याचे चार प्रसंग दिले आहेत: मोठं संकट, दुष्काळ, म्हातारपण, आजार. पण पुढे एक शब्द आहे, ‘निःप्रतीकारे’. ज्यावर इलाज उरलेला नाही तेव्हा. इलाज आहे तिथे सल्लेखना नाही. या समंतभद्रांचीच एक कथा परंपरेत सांगतात. त्यांना भस्मक रोग झाला, कितीही खाल्लं तरी पोटातली आग शमेना. अशा भुकेत मुनीचे नियम पाळणं अशक्य. त्यांनी गुरूंकडे सल्लेखनेची परवानगी मागितली. गुरूंनी नाही म्हणून सांगितलं. तुझ्या हातून अजून पुष्कळ काम व्हायचं आहे, मुनिवेश उतरव, पोटभर खा, बरा हो आणि मग परत ये. ते बरे झाले, परत दीक्षा घेतली. सल्लेखनेवरचा एवढा मोठा अधिकारी माणूस, आणि त्याला स्वतःला ती नाकारली गेली होती! ही कथा व्याख्यानांत क्वचित ऐकू येते. ती जास्त सांगितली पाहिजे.

तत्त्वार्थसूत्र या जैनांच्या मूळ सूत्रग्रंथात सल्लेखनेचे पाच दोष दिले आहेत. जगण्याची हाव हा पहिला. लवकर मरण यावं अशी इच्छा हा दुसरा. मग मित्रांची ओढ, भोगलेल्या सुखांची आठवण, आणि पुढच्या जन्मी अमुक मिळावं ही मागणी. दुसरा दोष नीट वाचा. मला मरू द्या, कंटाळा आला, मी तुमच्यावर ओझं झालोय, असं म्हणणारा म्हातारा सल्लेखनेला पात्र नाही. शास्त्राच्या नजरेने तो दुःखी आहे, आणि त्याच्या शेजारी कोणी तरी बसायला हवं. याच ग्रंथावरच्या सर्वार्थसिद्धी या टीकेत पूज्यपाद आचार्यांनी व्यापाऱ्याचा दाखला दिला आहे. वखार पेटावी असं कोणत्याही व्यापाऱ्याला वाटत नाही. पेटली तर तो आधी ती विझवायला धावतो. विझतच नाही असं दिसलं तर मग आतला मौल्यवान माल वाचवतो. जो स्वतःच्या हाताने वखारीला काडी लावतो त्याची गोष्ट वेगळी. आत्महत्या आणि सल्लेखना यांतला फरक इतक्या साध्या शब्दांत मी दुसरीकडे वाचलेला नाही.

मी हा फरक आधी पुस्तकात वाचला नव्हता, बघितला होता. आमच्या आजीला सगळे आक्का म्हणायचे. शिरोळ तालुक्यातलं आमचं घर, मधे चौक, चौकात तुळशीऐवजी पारिजातकाचं झाड. आक्का अठ्ठ्याऐंशीची होती, पोटात गाठ होती आणि मिरजेच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. ते कळल्यावर तिने पहिलं काम केलं ते कमरेच्या किल्ल्या आईच्या हातात दिल्या. मग एकेक करून सोडत गेली. आधी हिरव्या भाज्या, मग संध्याकाळचं जेवण, मग भाकरी. काही दिवस नुसतं ताक, वरचं निवळ. जवळच चातुर्मासाला असलेल्या महाराजांनी दोनदा येऊन तिला विचारलं, घरच्यांना बाहेर पाठवून एकटीला विचारलं, की कोणाचा जाच आहे का, मन मागे फिरतंय का. तिसऱ्या वेळी त्यांनी होकार दिला. मी तिच्या उशाशी बसलेली असताना धाकटा काका ग्लुकोजची बाटली घेऊन आला, त्याला राहवलं नव्हतं. तिने त्याचा हात धरून ठेवला आणि म्हणाली, ‘आता नगं बाळ. लई झालं. माझ्यावर रागावू नगंस.’ शेजारची, भावकीतली, जिच्याशी वीस वर्षं बोलणं नव्हतं ती जाऊसुद्धा येऊन गेली. दोघींनी एकमेकींची क्षमा मागितली. बोटांच्या पेरांवर णमोकार मंत्राचा जप मोजणं चालू होतं, आणि एका पहाटे अंगठा तिसऱ्या पेरावर थांबला.

हे सांगताना मला भीती वाटते. आक्काचं मरण सुंदर होतं म्हणून सगळ्यांनी तसंच मरावं, असा अर्थ कोणी काढू नये. तिला विचारलं गेलं होतं, एकटीला, तीनदा. माझा जोर त्यावर आहे.

गुरूला मानणं म्हणजे त्याचं सगळंच पटणं नव्हे, हेही इथेच सांगायला हवं. मुंबई राज्याने १९४७ साली हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा केला. तो जैन मंदिरांना लागू होऊ नये म्हणून शांतिसागर महाराजांनी १९४८ पासून धान्य सोडलं. अकलूजच्या मंदिरावरून प्रकरण कोर्टात गेलं. १९५१ साली मुंबई उच्च न्यायालयाने जैनेतरांना त्या कायद्याने जैन मंदिरात जाण्याचा नवा हक्क मिळत नाही असा निकाल दिला, आणि मग तीन वर्षांनी त्यांनी धान्य घेतलं. जैन हा स्वतंत्र धर्म आहे, हे त्यांना ठसवायचं होतं असं त्यांचे अनुयायी सांगतात. मला ते कारण पुरत नाही. महाराष्ट्रात माणसाला देवळाच्या पायरीशी अडवलं जात होतं, त्यासाठी नाशिकला, पंढरपूरला लढे झाले होते, आणि त्या काळात आमच्या सर्वांत मोठ्या साधूची तपश्चर्या दाराच्या आतल्या बाजूने उभी राहिली. त्याचं मला दुःख आहे. ‘सर्व जीव समान’ हे रोज म्हणणाऱ्या समाजाने त्या तीन वर्षांबद्दल मोकळेपणाने बोललं पाहिजे.

पण याच तुलनेतून सल्लेखनेचा खरा स्वभाव मला कळला. १९४८ चा अन्नत्याग कोणाकडून तरी काही मिळवण्यासाठी होता. सरकारने ऐकलं तर तो सुटणार होता. १९५५ च्या त्यागाला समोर कोणी नव्हतं. त्याची कसली अट नव्हती आणि त्यातून कोणाला झुकवायचं नव्हतं. माणूस तोच, अन्न सोडणंही तेच, आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. ज्यांना सल्लेखना म्हणजे हट्ट वाटतो त्यांनी एकाच माणसाचे हे दोन उपवास शेजारी ठेवून बघावेत.

राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ ला संथारा (सल्लेखनेचंच दुसरं नाव) म्हणजे आत्महत्याच, असा निकाल दिला. जयपूरला २००६ साली दाखल झालेल्या याचिकेवरचा तो निकाल. देशभर जैनांनी मूक मोर्चे काढले आणि महिनाअखेरीस, ३१ ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाने निकालाला स्थगिती दिली. मला तो निकाल तेव्हाही चूक वाटला, आजही वाटतो. सल्लेखना ज्याला आत्महत्या वाटते त्याने विनोबांचं काय करायचं? नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला विनोबांनी अन्न, पाणी, औषध सगळं थांबवलं. इंदिरा गांधी भेटून गेल्या. १५ नोव्हेंबरला ते गेले तेव्हा महाराष्ट्राने आत्महत्या हा शब्द तोंडातून काढला नाही. सावरकरांनी १९६६ साली अन्न-औषध सोडलं तेव्हाही नाही. आळंदीच्या समाधीपुढे तर आपण सातशेहून अधिक वर्षं माथा टेकतोय. मरणाला सामोरं जाणारी माणसं या मातीला अनोळखी नाहीत.

तरी त्या याचिकेमागची भीती खोटी नव्हती, आणि माझ्या समाजाने ती ऐकून घेतली नाही. एकटी विधवा, घर तिच्या नावावर, सुना-मुलं तिच्या मागे, आणि वर ‘घराण्याचं नाव होईल’ म्हणणारे नातेवाईक. अशा बाईचा होकार हा होकार असतो का? आज कोणी संथारा घेतला की चौकात फ्लेक्स लागतो, फोटोभोवती फुलांची महिरप, खाली देणगीदारांची नावं. बँड येतो. मोबाइलवर थेट प्रक्षेपण चालतं. २०१६ साली हैदराबादेत तेरा वर्षांच्या एका मुलीचा ६८ दिवसांच्या उपवासानंतर मृत्यू झाला. ती सल्लेखना नव्हती, तप होतं, पण टाळ्या त्याच होत्या. २०२५ मध्ये इंदूरहून बातमी आली की मेंदूत गाठ असलेल्या तीन वर्षांच्या मुलीला संथारा दिला. तीन वर्षांच्या लेकराला व्रत ‘देतात’ कसं? ज्याला व्रत या शब्दाचा अर्थ कळत नाही त्याच्या वतीने दुसऱ्याने घेतलेल्या व्रताला माझ्या धर्मात जागा नाही, असं मी छातीठोकपणे म्हणते. दृष्टी का गेली, म्हणून मी काय करतोय, हे त्र्याऐंशीव्या वर्षी स्वतः समजावून सांगणाऱ्या आचार्यांचं नाव घेऊन असं काही करणं हा त्यांचा अपमान आहे.

भगवती आराधना या प्राचीन ग्रंथात सल्लेखना घेणाऱ्या मुनीच्या सेवेला अठ्ठेचाळीस मुनी असावेत असं म्हटलं आहे. त्यांना निर्यापक म्हणतात. चौघांनी कूस बदलायला, उठवा-बसवायला मदत करायची, चौघांनी धर्मकथा सांगायची, चौघांनी मलमूत्र उचलायचं, चौघांनी दारावर उभं राहून गर्दी आवरायची. एवढे जमले नाहीत तरी निदान दोघे हवेतच, एकट्याने हे करायचं नाही. मला हे वाचताना दारावरचे चौघे फार आवडले. फ्लेक्स लावणाऱ्यांना आत सोडू नये, ही सोय शास्त्राने तेव्हाच केली होती.

आणि मग मला आयसीयूचं दार आठवतं. सकाळी दहा ते साडेदहा, संध्याकाळी पाच ते साडेपाच, एकावेळी एकच नातेवाईक, चपला बाहेर.

२०१५ च्या त्या ऑगस्टमध्ये टीव्हीवर मोर्चाची बातमी बघत असताना आप्पा चहाची बशी खाली ठेवून म्हणाले होते, ‘मला त्या नळ्याबिळ्या लावू नका गं. घरीच बरं.’ आम्ही सगळे होतो. आई म्हणाली, अभद्र बोलू नका. दादा म्हणाला, आप्पा, बघू तेव्हाचं तेव्हा. विषय तिथे संपला. आठ वर्षांनी पक्षाघात झाला, मूत्रपिंडं आधीच कमजोर होती. पहिल्या तीन-चार दिवसांतले उपचार योग्यच होते. तेव्हा आशा होती, वखार विझवायला धावायलाच हवं होतं. पण पुढे डॉक्टरांच्या बोलण्यातला सूर बदलला आणि उपचारांची यादी मात्र वाढत गेली. रात्री पावणेदोनला खाली फोन आला, ‘व्हेंटिलेटर लावायचा का, पाच मिनिटांत सांगा.’ दादा सांगलीहून निघालेला, पुण्याच्या पुढे कुठे तरी. फोनवर तो रडत म्हणाला, सगळं करा, जे करायचं ते सगळं करा. मला आप्पांचं वाक्य आठवत होतं. ते मी उच्चारलं नाही. कोणत्या तोंडाने उच्चारू, कागद कुठे होता माझ्याकडे? मी सही केली.

नंतर एकदा मी विचारलं, घरी नेऊ का. काउंटरवर सांगितलं की मग ‘डामा’ करावं लागेल, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. पुढची जबाबदारी तुमची, अशी सही करायची. वडिलांची इच्छा पाळायची तर ती अशा गुन्हेगारासारख्या कागदावर पाळायची. आमच्या विम्याच्या पॉलिसीत आयसीयूचे दिवस बसत होते, घरी नर्स ठेवायचा खर्च बसत नव्हता. एका तरुण डॉक्टरने जिन्यात मला हळूच सांगितलं, ‘ताई, लिहिलेलं असतं तर आम्हालाही सोपं गेलं असतं.’ त्याच्यावर माझा राग नाही. खटल्याची भीती त्यालाही होती. एकोणिसाव्या दिवशी आप्पा गेले तेव्हा त्यांच्याजवळ आमच्यातलं कोणी नव्हतं. भेटीची वेळ व्हायची होती. मनगटांवर पट्टीचे वळ होते. आई ते वळ कितीतरी वेळ चोळत राहिली, जणू ते पुसले जातील.

लिहिलेलं असतं तर. ते लिहिता येत होतं, हे मला नंतर कळलं. वर्षानुवर्षं अचेत पडून राहिलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली, बरं न होणाऱ्या रुग्णाचे उपचार थांबवण्यासाठी, दार किलकिलं केलं. ९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सन्मानाने मरण हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला आणि अग्रिम वैद्यकीय निर्देशाला, म्हणजे पुढे बोलता आलं नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, ज्याला लोक लिव्हिंग विल म्हणतात, मान्यता दिली. तेव्हाची पद्धत किचकट होती, न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. २४ जानेवारी २०२३ ला ती सोपी केली. आता सज्ञान, शुद्धीवर असलेल्या माणसाने स्वखुशीने लिहायचं, दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. आपल्या वतीने कोणी बोलायचं त्यांची नावं त्यात घालायची. एक प्रत घरच्या डॉक्टरांना. महापालिकेसारख्या स्थानिक संस्थेने अशा कागदांसाठी अधिकारी नेमायचा. कधीही मन बदललं तर रद्द करता येतं. आणि हा कागद आहे म्हणून कोणी लगेच नळ्या काढत नाही. आजार बरा होणारा नाही हे रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या मंडळाने आधी ठरवायचं, मग दुसऱ्या मंडळाने तपासायचं. विषारी इंजेक्शन देणं तेव्हाही गुन्हा होतं, आजही आहे.

हे नियम वाचताना मी चकित झाले. इलाज उरलेला नाही याची खात्री, ही ‘निःप्रतीकारे’. शुद्धीवर आणि स्वखुशीने, हा आमच्या महाराजांनी आक्काला एकटीला विचारलेला प्रश्न. दोन साक्षीदार, हे निदान दोन निर्यापक. न्यायमूर्तींनी रत्नकरंड उघडून हे नियम केले असं मी म्हणत नाही. माणसाला मरणाच्या दारात फसवलं जाऊ नये, ढकललं जाऊ नये आणि जखडूनही ठेवलं जाऊ नये, असा विचार ज्याने ज्याने मनापासून केला तो फिरून याच जागी आला.

म्हणून माझ्या ठाण्याकडे माझी मागणी आहे. इथल्या मंदिरांनी, देरासरांनी, ज्येष्ठ नागरिक संघांनी, तलावपाळीवर सकाळी जमणाऱ्या गटांनी वर्षातून एक दिवस या कागदासाठी ठेवावा. एक डॉक्टर, एक वकील, एक नोटरी बोलवावा. पर्युषण आणि दशलक्षण या पर्वांत आपण क्षमापना करतो, म्हणजे एकमेकांची क्षमा मागतो, तेव्हा मन मोकळं झालेलं असतं. त्याच आठवड्यात घराघरांत हे बोलणं व्हावं. महापालिकेने हा कागद कोणत्या खोलीत, कोणत्या टेबलावर द्यायचा हे पाटीवर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहावं. रुग्णालयांनी भरतीच्या अर्जात एक ओळ वाढवावी, ‘रुग्णाचा अग्रिम निर्देश आहे का?’ विम्याच्या कार्डाबद्दल विचारता, तसं हेही विचारा. आणि घरी येऊन वेदना कमी करणारी सेवा, उपशामक सेवा, शहराच्या आरोग्य केंद्रांतून मिळावी. नळी नको म्हणणाऱ्याला वेदना हव्या असतात असं नाही. कूस बदलणारे चौघे त्यालाही हवे असतात.

जैन समाजाकडे माझी वेगळी मागणी आहे. फ्लेक्स बंद करा. अठरा वर्षांखाली कोणाला संथारा नाही आणि अतितपाचा सत्कार नाही, हे आपण स्वतःहून ठरवू, कोर्टाने सांगायची वाट न बघता. आणि प्रत्येक सल्लेखनेआधी घराबाहेरचा एक डॉक्टर आणि एक बाई त्या माणसाशी एकांतात बोलतील, असा नियम करू. १९५५ साली निर्णय आणि त्याचं कारण उघड सांगितलं गेलं, आज ते घरच्यांच्या बंद दाराआड का ठरावं?

आईशी हे बोलायला मला सहा महिने लागले. आधी ती उठून स्वयंपाकघरात जायची. मग एका रविवारी तीच वाल सोलता सोलता म्हणाली, ‘तू ते कसले कागद म्हणत होतीस?’ दादाला फोन लावला, स्पीकरवर ठेवला. या वेळी तो ‘बघू’ म्हणाला नाही. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, ‘आई, तू सांग, मी ऐकतो.’ तिने एकेक सांगितलं, मी लिहीत गेले. बरं होण्यासारखं असेल तर ऑपरेशनसुद्धा करा, घाबरू नका. बरं होणार नाही असं दोन डॉक्टर म्हणाले तर श्वासाचं यंत्र नको. नाकातून नळी नको. हात बांधायचे नाहीत. दुखणं थांबवायचं औषध मात्र द्या. णमोकार लावा, पण मोठ्याने नको. शेजारच्या काकू आणि त्यांची मुलगी साक्षीदार झाल्या. नोटरीसमोर सही करताना आईने विचारलं, मराठीत केली तर चालेल ना. चालतं म्हणाले. तिने सावकाश, पूर्ण नाव लिहिलं, आणि पेनाचं टोपण लावून ते परत दिलं.